निरवांगीचा अर्धा तास

रामहरी मास्तर भित्रा होता. हे मी त्याच्या माघारी सांगतोय असं समजू नका, तोंडावरही सांगायचो. कुत्रं भुंकलं तर तो धोतराचा सोगा सावरी आणि दगडाबाई बोलायला लागली तर टोपी. पण फळ्यापुढं उभा राहिला की तोच माणूस असा काही फुलायचा, की वाटावं, ह्यानं सूर्याला बोट धरून चालायला शिकवलंय.

माझं शिलाईचं मशीन शाळेच्या समोरच्या पडवीत होतं. शाळेच्या खिडकीला गज होते, फळी नव्हती. त्यामुळं चौथीपर्यंतचं शिक्षण मी गावच्या बंड्या शिवता शिवता तीन वेळा पुरं केलं. मास्तर मूळचा मोरगावचा. निरवांगीच्या शाळेत तो एकटाच मास्तर, आणि गावात घड्याळही एकटंच, शाळेच्या भिंतीवरचं. महिन्यातून एकदा मास्तर बारामतीला बहिणीकडं जायचा आणि येताना स्टेशनवरची वेळ खिशातल्या घड्याळात घालून आणायचा. लोक बाजारातून गूळ आणतात, हा टाइम आणायचा. आला की पायातल्या वहाणा काढायच्या आधी भिंतीवरच्या घड्याळाला तो पाजायचा.

तर ते तेहेतीस साल. श्रावण संपत आलेला. सोमवारी अमावस्या आणि सकाळीच सूर्यग्रहण. त्याच्या आदल्या शनिवारी मास्तरला हुक्की आली वेळ शिकवायची.

पृथ्वी म्हणून त्यानं दगडाबाईच्या परड्यातला लाल भोपळा मागून आणला होता. त्याच्यात बाभळीचे दोन काटे टोचले. एक काटा प्रयागच्या बाजूचा, एक आपल्या निरवांगीचा. खिडकीतून उन्हाची तिरीप येत होती, तिच्यापुढं भोपळा हळूहळू फिरवत मास्तर म्हणाला, "बघा रे, ऊन आधी कुठल्या काट्याला लागलं?"

"परयागच्या!" पोरं ओरडली.

"आणि आपल्याला अर्ध्या तासानं. एक अंश फिरायला चार मिनिटं लागतात. पण साऱ्या हिंदुस्थानचं रेल्वेचं घड्याळ एकच, त्या तिकडच्या काट्याचं. म्हणून आपल्या घड्याळात बारा वाजतात तेव्हा आपला सूर्य अजून डोक्यावर यायचा असतो."

गेणू म्हणून एक पोरगं होतं, हिशेबाला तिखट. ते पटांगणातल्या झेंड्याच्या काठीची सावली मोजून आलं होतं. म्हणालं, "व्हय गुरुजी, सावली साडेबाराला आखूड झाली."

झालं. मास्तर हवेतच गेला. मुंबईत म्युनिसिपालिटीचं घड्याळ स्टेशनच्या घड्याळाहून एकोणचाळीस मिनिटं मागं असतं हे सांगून झालं. मग विलायतेत गेला. तिकडं उन्हाळ्यात कायदा करून साऱ्या देशाचे काटे एक तास पुढं सारतात, म्हणजे लोक लवकर उठतात आणि संध्याकाळचा उजेड जास्त मिळतो, असं सांगत होता, तेवढ्यात गजातून आवाज आला.

"आन मग कोंबडं? त्याला समन्स धाडत्यात व्हय?"

दगडाबाई आपला भोपळा परत न्यायला आली होती. पोरं खिदळली, मास्तरचा हात टोपीकडं गेला.

दगडाबाईच्या नादाला गावात कुणी लागत नसे. पाटाच्या पाण्यावर वांगी आणि गवार पिकवून तिनं घर उभं केलं होतं. तिचा लेक मानसिंग म्हणजे दाराच्या चौकटीत तिरका होऊन शिरणारा गडी. दिवसाला चार शब्द बोलला तर पाचवा उद्याच्याला ठेवायचा. आणि त्याची बायको सारजा. लग्नाला आठ वर्षं झाली तेव्हा कुठं तिला चौथा महिना लागला होता. दगडाबाई तिला ताक घुसळू देत नसे, की उंबऱ्यावर बसू देत नसे.

"मास्तर, चेष्टा ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "सोमवारचं गिरान किती वाजता लागतंय? जोशीबुवा नऊ म्हंत्यात. पेपरात बी नऊच हाय म्हणं ह्या शिंप्याच्या."

पेपर माझ्याकडं यायचा, पुण्याहून, दोन दिवस शिळा. त्यात नऊच छापलं होतं.

आता इथं मास्तरनं "होय" म्हणून गप बसायचं की नाही? पण तो अजून भोपळ्यावरच होता. त्या निरवांगीच्या काट्यावर बोट ठेवून म्हणाला, "नऊ नव्हे, दगडाबाई. नऊ तिकडचे. आपल्याकडे सूर्यच अर्ध्या तासानं येतो, तर ग्रहण आधी कसं येईल? आपल्या घड्याळात साडेनऊ."

दगडाबाईच्या तोंडावर मी असा आनंद कधी पाहिला नव्हता. कारण सांगतो. दोन जिवाच्या बाईनं ग्रहणात काही चिरायचं नाही, शिवायचं नाही, खायचं नाही, अंधाऱ्या घरात हलायचं नाही. चिरलं तर पोराचा ओठ चिरलेला निघतो, अशी सगळ्यांची खात्री. आणि खात्री पटवायला आमच्याकडं बिरू होता. मेंढरं राखणारा, गोड स्वभावाचा माणूस, पण वरचा ओठ नाकापर्यंत फाटलेला. तो स्वतःच सांगायचा, "माज्या आयनं गिरानात दाव्याचा दोर कापला, आन दोर ऱ्हायला बाजूला." एवढं असल्यावर पोटुशी सून तीन तास उपाशी बसवायची म्हणजे दगडाबाईला घोर. मास्तरनं तिला अर्धा तास मोकळा करून दिला.

सोमवारी सकाळपासून आभाळ भरून आलेलं. सूर्य कुठं आहे हेच कळेना. मानसिंग नवाला पायरीवर येऊन घड्याळ बघून गेला. बाईमाणसानं सबंध भोपळा फोडायचा नाही, म्हणून पहिला घाव त्यानं घातला, आणि मग सारजा अंगणात विळीवर फोडी करायला बसली. तोच भोपळा. ज्याच्यावर काटे टोचले होते ती पृथ्वीच चिरली म्हणा. भाजी झाली, सारजा जेवली, आणि साडेनवाच्या आत सासूनं तिला आतल्या खोलीत बसवून दार ओढून घेतलं. आता खोटं कशाला बोलू, मीही साडेनवापर्यंत मशीन चालवलं. पण माझ्या पोटात काही वाढत नव्हतं. दहाच्या पुढं आभाळ फाटलं तेव्हा सूर्य निम्मा खाल्लेला होता. लोकांनी हळदीच्या पाण्यात बघितलं आणि हात जोडले.

मंगळवारी बिरू बारामतीहून मेंढरं विकून आला. माझ्या पडवीत बसून पाणी प्याला आणि म्हणाला, "बारामतीला आभाळ कसं निवळ हुतं. ठेसनावरच हुतो म्या. नवाचा काटा पडला आन सूर्याला दात लागला बगा."

मास्तर गुंडी लावून घ्यायला आला होता. त्याचा चेहरा चुना मारल्यासारखा झाला. तो बिरूच्या ओठाकडं बघत राहिला. बिरू गेल्यावर माझ्या मशीनला धरून हळूच म्हणाला, "शिंपीदादा, घात झाला. सूर्य उशिरा येतो ते खरं. पण पेपरातली वेळ पुण्याचीच होती, रेल्वेच्या घड्याळातली. तो उशीर त्यांनी आधीच धरला होता. मी पुन्हा एकदा धरला."

"म्हणजे सारजा..."

"अर्धा तास. भर ग्रहणात."

बिरू तसाच दगडाबाईच्या दारावरून गेला असणार, कारण त्याची घोंगडी वळणाआड जाते ना जाते तोच ती शाळेपुढं आली. मला वाटलं होतं, ओरडेल. ओरडली नाही.

"म्याच तिला म्हनले, चिर," ती म्हणाली. "माज्या तोंडानं म्हनले. तुमच्या भरवशावर. आता ध्यानात धरा मास्तर. पोराच्या ओठाला रेघ जरी निगाली, तर म्या काय करीन त्ये मला बी ठावं न्हाय. आन मानसिंग काय करंल त्ये तर देवाला बी ठावं न्हाय."

त्या दिवसापासून मानसिंग शाळेच्या पायरीवर येऊन बसायला लागला. पायरीचा दगड धारेला चांगला, तो कधीमधी तिथं कोयता घासायचाच. पण आता रोज. दुपारची शाळा भरली की खर्र, खर्र, खर्र. बोलायचं काही नाही. मधूनच मान वर करून घड्याळाकडं बघायचा, पुन्हा खर्र. आत पोरं पाढे म्हणायची आणि मास्तर त्यांच्या ओठांकडं बघत उभा राहायचा. एक एक ओठ बघायचा. पाढा चुकला तरी कळायचं नाही त्याला.

"मास्तर, तुम्ही तर म्हणायचात, ग्रहण म्हणजे नुसती सावली," मी डिवचलं.

"सावलीच आहे."

"मग भिता कशाला?"

"सावलीला नाही भीत," तो म्हणाला. टोपी चाचपून म्हणाला, "आणि आता सावलीलाही भितो."

मी म्हटलं, बदली मागा, मोरगावला जा. त्यानं अर्ज लिहिलाही. मला वाचून दाखवला आणि घडी करून खिशात ठेवला. तो अर्ज पुढं चार महिने खिशातच मळला. म्हणाला, "मी गेलो तर ती बाई काय समजेल? की मास्तरलाच खात्री आहे."

ती बाई म्हणजे सारजा. खरं भय तिचं होतं. पोरगी वाळत चालली. विळी, सुई, कात्री घरातून हलवली होती, पण आता तिला भाकरीसुद्धा मोडवत नव्हती. सासू कोर मोडून द्यायची, तर घास गिळायचा नाही. पाण्याला जाताना पदर ओठांवर दाबून धरायची, जसा काही ओठ तिचाच फाटणार होता. धोंडाबाई सुईण माझ्याकडं खण शिवायला आली तेव्हा कुजबुजली, "पोट वाढंना झालंय. असंच ऱ्हायलं तर ओठाचं सोडा, जीवच वाचायचा न्हाय. दोगांचा बी."

हे मी मास्तरला सांगितलं. सांगायला नको होतं.

दुसऱ्या दिवशी सारजा रिकामी घागर घेऊन शाळेच्या पायरीशी थांबली. मधल्या सुट्टीची वेळ, मानसिंग पाटावर गेलेला. मान खाली घालून तिनं विचारलं, "गुरुजी, खरं सांगाल का? म्या चिरत हुते तवा गिरान लागल्यालं हुतं का वो?"

मास्तरनं टोपी काढली. पुन्हा घातली. माझं मशीन आपोआप थांबलं.

"नव्हतं, सारजाबाई," तो म्हणाला. फळ्यापुढचा तो आवाज, ठणठणीत. "बारामतीला नवाला लागलं हे खरं. पण प्रत्येक गावची वेळ वेगळी असते. भोपळ्यावर मी पोरांना दाखवलं नव्हतं का? तिकडचा काटा वेगळा, आपला वेगळा. निरवांगीत ग्रहण साडेनवालाच लागलं. तुमची विळी तेव्हा बाजूला ठेवून झाली होती."

सारजानं पहिल्यांदा मान वर केली. त्याच्याकडं बराच वेळ बघितलं. मग "व्हय जी" म्हणाली आणि गेली.

मी मास्तरकडं बघितलं. बारामती आमच्यापासून अशी किती लांब? पंचवीस मैल. बैलगाडीनं दिवस लागतो, पण सूर्याला?

"बोलू नका," मास्तर म्हणाला. "शिंपीदादा, तुमच्या पाया पडतो, बोलू नका."

पण त्या संध्याकाळी सारजानं म्हणे अर्धी भाकरी स्वतःच्या हातानं मोडून खाल्ली. आठवड्यात दगडाबाई गावभर सांगत सुटली, की निरवांगीचं टाइम येगळं असतंय, बारामतीच्या लोकानला काय कळतंय. तरी मानसिंगचं पायरीवर बसणं सुटलं नाही. आईला पटलं होतं की आईनं पटवून घेतलं होतं, कोण जाणे. कोयता मात्र कार्तिकात आरशासारखा झाला होता.

आणि मग गेणूनं ते केलं. हुशार पोरांचा हाच ताप. भिंतीवर इलाख्याचा नकाशा होता, त्याच्यापुढं पट्टी घेऊन ते आपलं आपणच काहीतरी मोजत बसलं होतं. एकदम हात वर केला.

"गुरुजी, बारामती आन निरवांगीत येका अंशाचं तिसरं हिस्सं बी धड भरंना. सव्वाच मिन्टाचा फरक येतुया. मग गिरान..."

बाहेरची खर्र थांबली.

मास्तरनं फळ्याला हात टेकला. मानसिंग पायरीवरून उठला नाही, पण त्याची पाठ ताठ झाली, कान इकडं. मास्तर त्या पाठीकडं बघत म्हणाला,

"नकाशा जुना आहे. बस खाली."

गेणू बसला. पण असा चेहरा करून बसला, की मास्तरनं छडी मारली असती तर पत्करली असती. त्यानंतर त्या पोरानं महिनाभर हात वर केला नाही. मास्तरच्या जिवाला हे लागलं. त्यानं आजवर पोरांना मारलं असेल, रागावला असेल, पण खरं उत्तर खोटं ठरवलं नव्हतं.

माघात सारजाचे दिवस भरले. त्या सकाळी धोंडाबाई आत गेली. मानसिंग पायरीवर दिसला नाही. मास्तर फळ्यावर एकच वाक्य तीनदा लिहून पुसत होता. अकराच्या आसपास मी वर बघितलं, तर मानसिंग रस्त्यानं लांब ढांगा टाकत येत होता. घामानं भिजलेला, डोळे लाल, आणि हातात तो कोयता.

मी मशीन सोडून उठलो.

मानसिंग दारात तिरका झाला आणि सरळ फळ्यापर्यंत गेला. पोरं भिंतीला चिकटली. मास्तरनं डोळे मिटून घेतले होते. खडूचा हात वर तसाच.

"मास्तर, वाजलं किती?"

मास्तरनं डोळे आणखी घट्ट मिटले.

"लेक झाली," मानसिंग म्हणाला. "वट, कान, बोटं, समदं हाय. आयनं तीनदा मोजली. कुंडलीला टाइम लिवायचा हाय. म्या कडुलिंबाचं डाहाळं तोडाया निगालोय, दाराला लावाया, तर वाटंत आलो. घडीभर झाली तिला. किती वाजलं?"

मास्तरनं डोळे उघडले. घड्याळाकडं बघितलं. ओठ हलवून कसंबसं म्हणाला, "अकराला पाच कमी. तेव्हा... तेव्हा साडेदहा धरा."

मानसिंगनं कोयता काखेत मारला आणि संशयानं विचारलं, "आपलं का बारामतीचं?"

मी हसलो तो हसलोच. मास्तर मात्र खाली बसून रडायला लागला, आणि मानसिंगला कळेना की पोरगी ह्याची का आपली.

त्याला मी पुढं एकदा विचारलं, बाबा, चार-पाच महिने रोज पायरीवर कोयता घासून मास्तरचं रक्त का आटवलंस? तर म्हणाला, "घरात बसवत न्हवतं. तिचं त्वांड बगवत न्हवतं. हितं घड्याळ वाजायचं, पोरं पाडं म्हनायची. बरं वाटायचं." म्हणजे दोघंही भ्यायले होते, एक दाराच्या आत, एक बाहेर.

बाराव्या दिवशी बारसं झालं. सगळं गाव होतं. दगडाबाईनं पोरगी मास्तरच्या मांडीवर ठेवली आणि चारचौघांत सांगितलं, "ह्यांचंच बरुबर निगालं. गिरान साडेनवालाच लागलं हुतं. न्हाय तर पोर अशी निगाली असती व्हय?"

बिरू कोपऱ्यातून म्हणाला, "माज्या आयनं मास्तरला इचारलं न्हवतं, दुसरं काय." लोक हसले. मास्तरनं तोंड उघडलं. मला दिसत होतं, त्याच्या जिभेवर काय आलंय ते. की अहो, माझं चुकलं होतं. तिनं भर ग्रहणात चिरलं, आणि तरी पोर अशी आहे, एवढंच तर मी शिकवत होतो. ह्यापेक्षा चांगला धडा त्याला जन्मात मिळणार नव्हता. पण पोरीनं त्याचं बोट धरलं होतं. तोंड पुन्हा मिटलं.

निघताना सारजा पाण्याचा तांब्या घेऊन ओटीवर आली. मी वहाणा शोधत होतो म्हणून ऐकलं, मुद्दाम नव्हे.

"गुरुजी," ती हळू म्हणाली, "म्या चिरत हुते तवा परातीतल्या पान्यात सूर्य दिसला हुता. पळभर ढग पातळ झाला हुता. चावल्याला हुता त्यो. कुनाला बोलले न्हाय म्या."

मास्तरनं हातातला तांब्या खाली ठेवला. "मग मला विचारलंत कशाला?"

"तुमी काय म्हंताय त्ये बगाया. तुमी खोटं बोललासा, आन येवडा शिकल्याला मानूस, भ्याड मानूस, राग नगा मानू, माज्यासाटी खोटं बोलतुया, म्हंजी पोराला काय व्हत न्हाय ह्याची तुमाला खात्री असंल. म्हून म्या जेवले."

दुसऱ्या दिवशी शाळा भरली. पायरी रिकामी होती. तरी मास्तरनं आधी बाहेर डोकावून दोन्ही बाजूंना बघितलं, दार लावलं, कडी घातली. खिडकीला फळी नव्हती हे तो बहुतेक विसरला.

"गेणू, उभा राहा," तो म्हणाला. "नकाशा जुना नव्हता. सव्वाच मिनिट. तू बरोबर होतास, माझं चुकलं होतं."

गेणू काहीतरी विचारणार होता.

"हळू बोल," मास्तर म्हणाला, आणि टोपी सावरली.